चार नंबरच्या खोलीतली अकरा मिनिटं

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या चार नंबरच्या खोलीत रुद्राणीनं माउस हलवला. पडद्यावरचा बाण हलला नाही.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. समोर वीस पोरं-पोरी बसली होती, आणि शेवटच्या बाकावर मनगटातलं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलेले संचालक माधवराव सर. डेमो वीस मिनिटांचा. रसायनशास्त्राची एकच जागा.

रुद्राणी मुखेडची. भूकंपाच्या सालचा जन्म, पंचविशी नुकतीच पुरी झालेली. गावच्या कॉलेजात तीन वर्षं तासावारी शिकवल्यावर यंदा तिला सांगण्यात आलं होतं, ‘दिवाळीनंतर बघू.’ हा ‘बघू’ पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून ती पहाटेच्या एसटीनं निघाली होती. सतरा स्लाइड तिनं पाच रात्री बसून केल्या होत्या.

तिनं माउस उलटा केला. खालचं बटण चालू होतं, लाल दिवा लागत होता. टेबल काचेचं होतं, म्हणून माउसखाली स्वतःची फाइल ठेवली. क्लिक केलं. काही नाही.

पलीकडच्या पाच नंबरच्या खोलीतून मात्र हसू आलं. दोन खोल्यांच्या मधे भिंत नव्हती, प्लायवूड होतं.

“कीबोर्ड आहे का सर?”

“डायसच्या कपाटात हाय. किल्ली पहिल्या सरांकडं होती,” माधवराव म्हणाले. “ते नांदेडच्या क्लासला गेले. किल्लीसकट.”

रुद्राणीनं बिनवायरच्या माउसचा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातला. दोनदा क्लिक केलं. काही नाही. पलीकडे दोनदा हसले.

मग तिनं नवा सेल मागितला. शिपाई भीमाशंकर लगबगीनं बाहेर गेला, हात हलवत परत आला आणि खुर्चीवर चढून त्यानं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून दिला. माउस ढिम्म राहिला. घड्याळ अकरा सतराला थांबलं. तिनं जोरात तीन क्लिक केले, आणि पलीकडचा अख्खा वर्ग खिदळला.

“सायन्सच्या मॅडम,” माधवराव म्हणाले, “आन् माउस चालंना?”

तिचे कान तापले. चुकीचं उत्तर दिलं असतं तर तिनं मान खाली घातली असती. पण दुसऱ्याच्या वस्तूनं दगा द्यावा आणि हसं आपलं व्हावं? अकरा एकवीसला तिनं माउस बाजूला सारला, रिसीव्हर उपसला आणि खडू उचलला.

“कुणीतरी उजव्या पायातली चप्पल द्या.”

पहिल्या बाकावरच्या पोरीनं दिली. रुद्राणीनं ती स्वतःच्या डाव्या पायात घालायचा प्रयत्न केला, आणि अंगठा बाहेर लोंबकळला. पोरं हसली; या वेळी तिच्या बाजूनं हसली.

“दोन्ही चपला एकाच दुकानातल्या. एकच माप, एकच चामडं, तेवढेच टाके. दिसायला सारख्या. मग बसंना का? काही रेणूंचंही असंच असतं. अणू तेवढेच, जोडणी तीच… पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. औषधात अशी अदलाबदल झाली, तर गुण यायचा तिथं अपाय होतो.”

नऊ मिनिटं ती बोलली. फळा डावीकडून उजवीकडे भरत गेला. मधे कधीतरी पलीकडचं हसू थांबलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

अकरा तीसला माधवरावांनी घड्याळ मनगटात अडकवलं. “शिकवता चांगलं. पण आपला क्लास डिजिटल हाय. पालक फळा बघून फी भरत न्हाईत. बघू. कळवतो.” आणि ते सेमिनारसाठी मुरुडला निघून गेले.

बघू.

रुद्राणीनं पर्स भरली, चप्पल परत केली आणि जिना न उतरता सरळ पाच नंबरच्या दारात जाऊन उभी राहिली. तास नुकताच सुटला होता. टेबलाशी एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बोटांना खडूऐवजी हळद लागलेली. फिजिक्सचा अंबरीश. मूळचा मुरुडचा, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेला आणि चार वर्षांपासून इथं शिकवणारा.

“तुमच्या वर्गाला एवढं हसायला काय झालं होतं?”

“आधी तुम्ही सांगा,” तोही तापलेलाच होता. “मी कीबोर्डवरून प्रश्न लावला की उत्तराची स्लाइड पुढं. दुसरा लावला की त्याचंही उत्तर पुढं. मी बटणाला हातसुद्धा न लावता. पोरं म्हणाली, सरांच्या अंगात आलं. कोण करून राहिलं होतं हे?”

“मला काय माहीत? माझा माउसच मेलेला.”

“मेलेला माउस किती वेळा दाबला?”

ती बोटांवर मोजायला लागली. “एकदा… मग दोनदा. सेल घातल्यावर तीनदा.”

“माझ्या स्लाइड पळाल्या त्या अशाच,” तो सावकाश म्हणाला. “एक. दोन. तीन.”

त्याचा राग आधी उतरला. कपाळावर हात मारून तो बाकावर बसला.

“चपला,” तो म्हणाला.

“काय?”

“तुम्ही चपलांचं सांगत होता ना, सारख्या दिसतात पण चालत न्हाईत… आठ खोल्या, आठ माउस. दिसायला सारखे. पण कारखान्यातून प्रत्येकाचा रिसीव्हर ठरून येतो. तुमच्या टेबलावरच्या माउसचा रिसीव्हर माझ्या कॉम्प्युटरला हाय.”

“आणि तो तिथं कसा गेला?”

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

“सर, मी विचारलं, कसा गेला?”

“खंडेनवमी,” तो म्हणाला. “ऑफिसात पाट मांडला. पुस्तकं, कंपास आणि आठही माउस; रिसीव्हर तेवढे कॉम्प्युटरलाच राहिले. प्रत्येकाला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. पूजा मीच केली. पाट उचलून आज सकाळी माउस मीच पुसले… आणि मीच वाटले. ज्या हाताला जो लागेल तो.”

“खूण केली नव्हती?”

“देवासमोर ठेवताना कोण खूण करतं?”

“तुम्ही इंजिनिअर आहात ना?”

“म्हणून तर पूजा मला सांगितली.”

दुसरी कुणी हसली असती. रुद्राणीच्याही ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो जागेवर आणला. “मी पहाटे चारला उठून आले. माझी अकरा मिनिटं गेली. तुमचे सर माझ्याकडं असं बघून गेले, जणू मला साधा दिवाही लावता येत नाही. हे तुम्ही त्यांना सांगणार की नाही?”

अंबरीशनं मान खाजवली. अडचण होती. सकाळी नऊलाच त्यानं लेखी तक्रार दिली होती, नवे माउस भंगार आहेत म्हणून. ते आणले होते माधवरावांच्या मेव्हण्यानं. आता भंगार माउस नव्हते, चूक त्याचीच निघाली होती.

“सांगतो,” तो म्हणाला.

“लिहून द्या.”

“तुम्हाला विश्वास न्हाई?”

“मला ‘सांगतो’ आणि ‘बघू’ ह्या दोन्हींचा कंटाळा आलाय. लिहा.”

कोऱ्या उत्तरपत्रिकेवर त्यानं लिहायला घेतलं. ती शेजारी उभी राहून वाचत होती. तिच्या ओढणीचं टोक त्याच्या कोपराला लागलं. त्यानं कोपर हलवलं नाही.

“‘माझ्याकडून चुकून’… चुकून खोडा.”

“चुकूनच झालं ना?”

“चुकून म्हटलं की कुणाचीच चूक राहत नाही. ‘निष्काळजीपणामुळे’ लिहा.”

“लई कडक पेपर तपासता, मॅडम.” त्यानं खोडलं. “आणखी?”

“सही, तारीख. आणि मोबाइल नंबर.”

“नंबर कशाला?”

“पुराव्याला.”

त्यानं मान खाली घालून नंबर लिहिला. एरवी त्याचं अक्षर गचाळ होतं, पण ते दहा आकडे छापल्यासारखे आले. तिनं मोबाइलवर कागदाचा फोटो काढला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “आमच्याकडचं हसणं मधेच थांबलं, ते कशानं थांबलं असंल?”

“तुम्ही रागावला असाल.”

“न्हाई. पोरं तुमचा तास ऐकत होती. प्लायवूडमधून. पुढच्या बाकावरच्यानं तर हातातली वही खाली ठेवली. मी… मीही प्लायवूडला टेकून उभा होतो. नऊ मिनिटं.”

तिच्याकडे पुढचं वाक्य तयार होतं, रागाचं. ते कुठं गेलं ते तिला सापडेना.

“तास बुडवलात म्हणजे,” ती शेवटी म्हणाली.

“हाव.”

बसस्टँडवर सोडतो म्हणाला. नको म्हणाली. मग त्यानं गाडी सुरूच केली नाही. हातानं ढकलत तिच्या बरोबर चालत राहिला, भर उन्हात, ऑक्टोबरच्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्लासच्या पाट्या आणि पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. दीडची मुखेड गाडी लागली तेव्हा त्यानं पाण्याची बाटली खिडकीतून वर दिली. त्याच्या बोटाची हळद बाटलीच्या कागदावर उमटली होती. वाटेतलं जांब गाव येईपर्यंत तिनं बाटली उघडली नाही.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता त्याचा फोन आला.

“आठही माउस जुळवले. म्हणजे सात. एकाचा जोड सापडंना. चार नंबरच्या कॉम्प्युटरचा रिसीव्हरच गायब. भीमाशंकरनं झाडूनसुद्धा बघितलं.”

रुद्राणीनं पर्स उघडली. चाव्या, रुमाल, कंडक्टरनं दिलेलं तिकीट… आणि नखाएवढी काळी वस्तू. खडू उचलताना उपसून हातात राहिली होती ती.

“माझ्याकडं आहे,” ती म्हणाली.

“मग घेऊन या.”

“कशाला येऊ? पुन्हा डेमो मिळाला तर आणीन. नाही तर पोस्टानं पाठवते.”

“पोस्टानं नका पाठवू.”

“का?”

तो म्हणाला, “सरांना कागद दिला. मेव्हण्यांसमोरच वाचला त्यांनी. मला लई बोलले. त्याचं काही न्हाई. पण तुम्ही गेल्यावर त्यात एक ओळ मी वाढवली होती.”

“माझ्या पुराव्यात? न विचारता?”

“लिहिलं की, ह्या बाईंचा तास एकदा ऐकणारा माणूस दुसऱ्यांदा ऐकायला थांबल. मी थांबलोय.”

फोनमधून त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता.

“व्याकरण बरं आहे,” ती हळूच म्हणाली. “राहू द्या ती ओळ.”

बुधवारी दुपारी माधवरावांचा मेसेज आला: ‘तांत्रिक कारणामुळे आपणास शुक्रवारी दहा वाजता पुन्हा एक संधी देत आहोत. नांदेडचे आणखी एक उमेदवार आहेत.’

रुद्राणीनं तो तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा तिचं बोट ‘संधी’ ह्या शब्दावर अडलं. चूक कुणाची, हे त्यात कुठंच नव्हतं. वडील गुरुपादप्पा म्हणाले, “बोलावलं ना? मग जा की गुमान.” तिनं जायचं ठरवलं, पण गुमान नाही. उत्तर लिहिलं: ‘सर, संधी नको. सोमवारची माझी अकरा मिनिटं उरली…’ खोडलं. पुन्हा लिहिलं: ‘सर, सोमवारची माझी अकरा मिनिटं शिल्लक आहेत. ती घ्यायला येते. चूक माझी नव्हती, हे त्याच वीस मुलांसमोर आपण सांगावं, एवढी विनंती.’ आणि पाठवलं.

दुसरा मेसेज तिनं अंबरीशला केला. ‘रिसीव्हर आणतेय. माउसही आणतेय, माझा स्वतःचा. वायरचा.’

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘वायरचा कशाला? आता खूण केली आहे.’

‘कसली?’

‘येऊन बघा.’

शुक्रवारी सकाळी साडेआठला रुद्राणीनं कळवलं, मुखेडची गाडी पाऊण तासावरच्या चाकूरला पोचली. नऊ वाजून दहा मिनिटांनी अंबरीश लातूरच्या बसस्टँडवर येऊन उभा राहिला. खिशात चार नंबरचा माउस होता. त्याच्या पाठीवर लाल शाईनं, तुरा काढून, बारीक अक्षरात ‘रु’ लिहिलेलं होतं.

माधवरावांनी तिचा मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा बुधवारपासून तशाच आहेत. उत्तर आलेलं नाही. नांदेडचे उमेदवार पावणेनऊलाच क्लासवर पोचले आहेत.

नऊ चाळीस झालेत, मुखेडची गाडी अजून लागलेली नाही.