हिरव्या गाडीचा मुका पंखा

"पुसा! अरे, पुसा ना काच!" मामा ओरडला.

ताई टॉवेलने पुसत होती, शंकासुर बाहीने पुसत होता आणि मागच्या सीटवर मुंगी आपल्या आईचा, म्हणजे मामीचा, हात घट्ट धरून बसली होती. पुसलेली काच क्षणात पुन्हा पांढरी व्हायची. खिडकी उघडली, तर बर्फाचा भुगा थेट मामीच्या अंगावर! गाडी जेमतेम पहिल्या वळणापर्यंत गेली आणि डावं चाक धप्पकन रस्त्याखाली घसरलं. पलीकडे सरळ दरी होती!

मामाने कशीबशी गाडी मागे घेतली, अंदाजाने पुन्हा गॅरेजात घातली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"नाही जमत. समोरचं काही दिसतच नाही," तो पुटपुटला.

सुट्टीत डोंगरावर मामाकडे आल्यावर बर्फात घसरगुंडी करायची, असे ताईचे आणि तिच्या भावाचे बेत होते. दिवसाला शंभर शंका काढतो, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत. मामाची लेक इवलीशी, म्हणून ती मुंगी. पण आज दुपारी मामीला अचानक कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "बाळ आडवं आहे. घरी काही करायला जाऊ नका. बर्फामुळे ॲम्ब्युलन्स पुलापर्यंतच येऊ शकते. तिथवर तुम्ही आणा, आणि लवकर आणा!"

शेजारीपाजारी सुट्टीला गेलेले. उरली ही मामाची जुनीपुराणी गाडी. तिच्यात हिटर होता, पण काचेवर गरम वारा फेकणारा त्याचा पंखाच मुका झाला होता.

मामाने मामीला आधार देत घरात नेलं आणि मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिककाकांनी गाडी न बघताच निकाल दिला, "मोटर जळली असणार. उद्या आणा, बघू."

"उद्या!" मुंगीचे डोळे भरून आले. "ताई, आईला काही होणार नाही ना?"

ताईने तिचे डोळे पुसले. नुसतं हातावर हात ठेवून बसणं ताईला शक्य नव्हतं.

"आपण बघू या पंखा," ती म्हणाली.

"मामा हात लावू देईल?" शंकासुराची पहिली शंका!

ती खरी होती. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या हाती रंग आला की घरातल्या खुर्च्याही जीव मुठीत धरून बसायच्या! थंडीच्या आधी त्याने सगळी गाडी खोलून कानाकोपऱ्यासकट हिरवीगार रंगवली होती. तेव्हापासून पोरांना तिच्यावर बोट टेकवायचीही बंदी होती.

तिघं गॅरेजात पोचली. मागोमाग मामा पाना घेऊन आला, तशी ताई म्हणाली, "मामा, मामी बोलावतेय तुला! तिच्याजवळच बस."

पाना तिथेच टाकून मामा धावला. थाप होती, पण मामीला त्याची गरज होतीच.

शंकासुराने बिघडलेल्या घंटीची लांब वायर आणि गाडीचा एक सुटा बल्ब शोधून आणला. वायरचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला बांधलं, दुसऱ्या टोकाला बल्ब जोडला.

"जिथे वीज पोचते, तिथे बल्ब पेटेल," ताई म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली. फ्यूजला लावला, पेटला! पंख्याच्या बटणापुढे लावला, पेटला! मोटर मात्र डॅशबोर्डच्या पार पोटात होती. तिथे ताईचा हात जाईना.

"मी जाते," म्हणत मुंगी पाठीवर झोपून आत सरकली. "लाल वायर... पेटला गं!"

ताईचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे मोटरपर्यंत वीज येते, तरी ती फिरत नाही. जळलीच असणार."

घरातून मामीचं कण्हणं ऐकू आलं. मुंगीला हुंदका फुटला.

"मला एक शंका आहे," शंकासुर म्हणाला.

"आत्ता नको रे!"

"पण ताई, वीज मोटरमध्ये जाते. मग परत कुठून येते?"

ताई दचकलीच! "काळ्या वायरने! ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. पत्र्यातून वीज बॅटरीत परत जाते. मुंगे, काळ्या वायरच्या बोल्टला बल्ब लाव."

"इथेही पेटला!"

"तिथे पेटायलाच नको! म्हणजे वीज पत्र्यात जातच नाही, बोल्टपाशीच अडून बसलीय! बल्ब काढ, नुसती वायर टेकव."

घर्रर्र! पंखा फिरला! तिघंही किंचाळली.

"आई गं! वायर तापली!" मुंगीने हात झटकला. पंखा पुन्हा गप्प.

"घंटीची बारीक वायर ती, मोटरचं ओझं तिला पेलणार नाही," ताई म्हणाली. "बोल्टपाशी काय दिसतंय?"

"सगळं हिरवं! बोल्टच्या खालीसुद्धा!"

मामाने इतकं मन लावून रंगवलं होतं, की जिथे पत्रा उघडाच हवा, तिथेही रंगाचे थर चढवले होते. रंगातून वीज जाणार कशी? ताईने किल्ली बंद केली, मुंगीने पान्याने बोल्ट सैल केला आणि चाकूने रंग खरवडायला घेतला. खर्र, खर्र!

"काय चाललंय?" दारात मामा उभा! "माझा रंग! थांब आधी!"

"नाही थांबणार!" आतून मुंगी रडत रडत ओरडली. "बाबा, तुमच्या रंगानेच पंखा बंद पडलाय! आईला न्यायचंय आपल्याला!"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने खिशातल्या टॉर्चचा उजेड आत धरला. "खरवड, बाळा. चांगलं लोखंड दिसेपर्यंत खरवड."

चकचकीत पत्रा उघडा पडला. बोल्ट आवळला. ताईने किल्ली फिरवली आणि पंखा असा घोंघावला, की मामाच्या डोळ्यांत पाणीच आलं. इंजिन गरमच होतं. बघता बघता काचेवरचं धुकं कोपऱ्याकोपऱ्यातून हटलं.

मामाने मामीला पुन्हा गाडीत बसवलं आणि गाडी उतारावर काढली. वळणावळणाला ताई काचेतून रस्त्याची कड बघून सांगत होती आणि मामी ओठ चावून कळा सोसत होती. शेवटी पुलापाशी ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसला.

दवाखान्याच्या बाकावर तिघं एकमेकांना चिकटून बसली. फार वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. "दोघीही सुखरूप! पण आणखी उशीर झाला असता, तर माझ्या हाती काही उरलं नसतं. अशा बर्फात गाडी आणलीत तरी कशी?"

"या पोरांनी दुरुस्त केली," मामा म्हणाला. "मी नुसता रंगवत बसलो होतो. यांनी डोकं चालवलं!"

मामीच्या कुशीत गुंडाळलेलं गाठोडं होतं. मुंगी काळ्या मळक्या हातांमुळे दूरच उभी राहिली. मामीने तिला जवळ ओढलं आणि तो मळका हात गालाशी धरला.

"बाळाला जन्म दिला मी," मामी हळूच म्हणाली, "पण हिला इथवर घेऊन आलात तुम्ही तिघं."