अर्ध्या पुलावरून परत

आईचा फोन आला तेव्हा सुप्रीता बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात एका तडकलेल्या पंपापुढे उभी होती. एखादं यंत्र का मोडलं ते शोधणं हे तिचं काम होतं.

पडद्यावर आधी नुसतं पाणी दिसलं. मग आईचा आवाज आला. "बघ गं, काय गोल आहे. पूर्वी इथं ज्वालामुखी होता. मधे ते बेट दिसतंय? आणि तिकडे उजवीकडे, त्या गावाच्या खालून, ओढा बाहेर पडतो. साक्षात शाळुंका. उद्या तिथवर चालत जाणार."

अहल्याबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. दर रविवारी होसकोट्याच्या तळ्याभोवती चार माणसं घेऊन हिंडायच्या. वाटेतल्या खेड्यांमधले वीरगळ, जुनी देवळं दाखवायच्या. यंदा या चालण्याच्या मंडळातली तिघं घेऊन त्या इटलीत तळं आणि त्याच्या काठची जुनी गावं पायी फिरायला गेल्या होत्या.

कॅमेऱ्यात एक हात आला आणि त्यानं आईची टोपी सरळ केली. सोबतच्या शिवलीलेचा हात. आई हसली. "ही मला म्हातारी समजते. काल काय म्हणाली ऐक..."

"आई, मी कामात आहे," सुप्रीता म्हणाली.

"बरं. राहू दे."

संध्याकाळी होसूर रोडवर नेहमीची गर्दी होती. घरी येऊन तिनं कालचा भात फोडणीला टाकला, पुस्तक वाचत जेवली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी त्या तिघांतल्या प्राणेशचा फोन आला. कड्यावरून पडून अहल्याक्का वारल्या होत्या.

*

तिथल्या पोलिसांनी अपघात ठरवला. कागद इंग्रजीत भाषांतर होऊन आले. सुप्रीतानं ते कारखान्यातला अहवाल वाचावा तसे वाचले.

त्या दिवशी चौघं चालत होती. पुढे शिवलीला आणि प्राणेश, मागे अहल्याबाई आणि त्यांची लहानपणची मैत्रीण प्रेमाक्का. ओढ्यावर दगडी पूल आहे. पुलाच्या अलीकडे, कड्यावर, एक जुनं गाव, पलीकडे खाणावळ. पुढची दोघं पूल ओलांडून खाणावळीत बसली. बऱ्याच वेळानं प्रेमाक्का एकटी आली. तिनं सांगितलं ते असं: आम्ही दोघी पुलावर आलो, अर्धा पूल ओलांडला, तेवढ्यात अहल्येला आठवलं की कड्यावरच्या बाकावर शाल राहिली. ती मागं वळली. मला म्हणाली, तू हो पुढं.

शोधायला माणसं गेली तेव्हा अहल्याबाई त्या बाकाच्या खाली सापडल्या. डॉक्टरांनी लिहिलं होतं की पडल्यावरही त्या काही वेळ जिवंत होत्या.

या वाक्यापाशी सुप्रीता रोज थांबायची. आई तिथं एकटी का होती, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आणखी एक हवं होतं. दोष शिवलीलेचा निघायला हवा होता.

शिवलीला निपाणीकडची. के. आर. पुरमला भाड्यानं राहायची, कुठल्याशा कंपनीत हिशोब तपासायची. तीन वर्षांपूर्वी मंडळात आली आणि आईच्या तोंडी तिचंच नाव बसलं. शिवलीलेला वीरगळ वाचता येतात. शिवलीला चढ चढताना दमत नाही. प्रेमाक्का तर तिला तोंडावर अक्कांची शेपूट म्हणायची, आणि सगळे हसायचे. सुप्रीताही हसायची, जरा जास्तच.

*

आधी प्राणेश आला. मंडळाची तिकिटं, खोल्या, सगळं तोच बघायचा. सोफ्याच्या कडेवर बसून त्यानं प्रश्नांची उत्तरं दिली.

"तुम्ही पूल ओलांडल्यावर काय केलंत?"

"जेवण मागवलं. मग पुलाचा व्हिडिओ घेत बसलो. बायकोला दाखवायला. तिला पाणी आणि बदकं आवडतात."

"आई दिसली?"

"नाही हो. प्रेमाक्का आल्या तेव्हाच मान वर केली. फोनमध्येच डोकं होतं माझं."

"शिवलीला?"

"माझ्यासमोरच होती. हलली नाही." तो पुढे वाकला. "तुम्हाला तिच्याबद्दल शंका आहे का?"

सुप्रीतानं कॉफी आणली आणि विषय बदलला.

शिवलीला पुढच्या रविवारी आली. दारातच उभी राहिली. हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं करड्या लोकरीची शाल काढली.

ती शाल सुप्रीतानं आणली होती. पहिल्या पगारातून नव्हे, कुठल्या वाढदिवसालाही नव्हे. कमर्शियल स्ट्रीटवर सहज दिसली म्हणून. आईनं तिला कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

"ही तुझ्याकडे कशी?"

"अक्कांनीच दिली की मला. सकाळी बाकीचे उठायच्या आधी आम्ही दोघी तळ्यापर्यंत जाऊन आलो, गारवा होता, माझं स्वेटर ओलं होतं. ऊन आल्यावर मी माझ्या सॅकमध्ये घातली." शिवलीलेचे डोळे भरले. "द्यायला यायचा धीर होत नव्हता ताई."

"ठेव तिथं."

"तुम्ही मला काही विचारणार होता म्हणे."

"आता नको."

शिवलीला गेली. सुप्रीता शालीकडे बघत बसली. आपण आणलेली शाल आईनं तिच्या अंगावर घातली, हे एकच तिला दिसत होतं. बराच वेळ तेवढंच दिसलं. मग स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, ती उठली, गॅस बंद केला, आणि ओटा पुसता पुसता तिचा हात थांबला.

सकाळपासून शाल शिवलीलेकडे होती. ती आईनं स्वतः दिली होती. मग आई शाल आणायला मागं कशी वळेल?

*

एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. म्हातारं माणूस विसरू शकतं. प्रेमाक्काचा ऐकण्यात घोटाळा होऊ शकतो. प्रेमाक्का खोटं का बोलेल? ती आणि आई शंकरपुरमच्या एकाच गल्लीत वाढल्या. परकर-पोलक्यातल्या दोघी दर सोमवारी हात धरून शंकराच्या देवळात जायच्या, असं आजी सांगायची. सुप्रीताची पहिली वेणी प्रेमाक्कानं घातली होती.

सोमवारी सुप्रीता त्याच देवळात गेली. श्रद्धेनं नाही, आईच्या नावानं बेल वाहायला शेजारणीनं सांगितलं होतं. नमस्कार झाला, ती गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालू लागली. मनात पंप होता, शाल होती, पूल होता.

मागच्या भिंतीपाशी तिचे पाय आपोआप थांबले. तिथं दगडी गोमुख होतं. अभिषेकाचं पाणी त्यातून बाहेर पन्हळीत पडत होतं. ती वळली आणि आली तशी परत निघाली.

एक तरुण पन्हळ ओलांडून सरळ पुढे गेला. पायरीवरच्या आजीबाईंनी त्याला हटकलं. शंकराची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. शाळुंकेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापर्यंत जायचं, तिथून मागं फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्या पाण्याच्या काठाशी यायचं. ते पाणी ओलांडायचं नाही.

सुप्रीता खांबाला टेकली. गोल पाणी. मधे बेट. एका बाजूनं बाहेर पडणारा ओढा. साक्षात शाळुंका, आई म्हणाली होती.

आईनं तो पूल ओलांडला नव्हता. अर्धासुद्धा नाही. तिनं पुलावर पाऊलच ठेवलं नसतं.

घरी येऊन तिनं प्राणेशला फोन केला. शंकराच्या प्रदक्षिणेबद्दल आईनं तुम्हाला काही सांगितलं होतं का, असं विचारलं. तो गोंधळला. "आम्ही वैष्णव हो. आम्ही पुरी प्रदक्षिणा घालतो. अक्का काही बोलल्या नाहीत."

"तो पुलाचा व्हिडिओ अजून आहे?"

"असेल. पाठवतो."

*

तिनं तिघांना एकत्र बोलावलं. प्रेमाक्का चकली घेऊन आली. आल्या आल्या सुप्रीताच्या गालावरून हात फिरवला. "पुट्टी, किती वाळलीस. स्वल्प खा काहीतरी." मग शिवलीलेकडे बघून म्हणाली, "ही पण आहे का? असणारच."

सुप्रीता तिच्यासमोर बसली.

"प्रेमाक्का, त्या दिवशीचं मला एकदा सांग. मी फक्त कागदावर वाचलंय, तेही इंग्रजीत."

"कशाला पुन्हा, बाळा?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय. मराठीत."

प्रेमाक्कानं पदर सारखा केला. सकाळचं ऊन, वाटेवरची द्राक्षं, कड्यावरचं गाव, सगळं नीट सांगितलं. "मग आम्ही ओढ्यापाशी आलो. अहल्या म्हणाली, बघ प्रेमा, अगदी गोमुख..."

ती थांबली.

"मग?"

"मग... पूल."

"गोमुख म्हणाली, आणि पुढे गेली? तू तिच्याबरोबर गेलीस? तुम्ही दोघी ते पाणी ओलांडून गेलात?"

प्रेमाक्कानं पदर पुन्हा सारखा केला.

सुप्रीतानं आवाज चढवला नाही. कारखान्यात मांडायची तसं एकेक मांडलं.

"शाल सकाळीच आईनं शिवलीलेला दिली होती. तुला ते माहीत नव्हतं. आईच्या खांद्यावर शाल दिसेना, म्हणून ती विसरली असं तू धरलंस. दुसरं, पूल. पोलिसाला तू हे इंग्रजीत सांगितलंस. त्या भाषेत पूल म्हणजे नुसता पूल असतो. मराठीत सांगितलं असतंस तर तुझी तुलाच चूक कळली असती, आत्ता कळली तशी. तिसरं, प्राणेशनी घेतलेला व्हिडिओ. ते बदकं बघत होते, पण पूल पुरा त्यात आहे. गावाकडच्या टोकाशी तू एकटी पुलावर चढतेस आणि एकटीच खाणावळीकडे येतेस. अर्ध्यातून मागं वळलेलं कोणी नाही."

प्राणेश मान खाली घालून बसला होता. त्यानं तो आदल्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला होता.

"आई पुलापाशी मागं फिरली," सुप्रीता म्हणाली. "ती तशीच फिरणार हे तिच्याबरोबरच्या तिघांत तुला एकटीलाच माहीत होतं. तू तिच्याबरोबर परत त्या बाकापर्यंत गेलीस. तिथं काय झालं ते मला माहीत नाही. ते तूच सांग."

प्रेमाक्कानं चकलीचा डबा बाजूला सारला.

"ती म्हणाली, पुढच्या वर्षीपासून मंडळ शिवलीला बघेल. मला म्हणाली, तुला चालेल ना. विचारलं नाही, सांगितलं." तिचा आवाज अगदी साधा होता. "शाळेपासून मी तिच्या मागून चालतेय. तिची पाण्याची बाटली माझ्या पिशवीत. तिचं लग्न, तुझ्या वेळचं तिचं बाळंतपण, तुझ्या वडलांचं आजारपण. आणि ही काल आलेली. मी म्हटलं, मी परत जाते. तिनं माझा दंड धरला. मी हिसडा दिला. ढकललं नाही गं. हिसडा दिला."

"आणि ती पडली."

"खाली एक खडक होता, त्यावर पडली. हालचाल होत होती. मी वाकले. माणसं आणायला धावणारच होते." प्रेमाक्कानं पहिल्यांदा शिवलीलेकडे सरळ पाहिलं. "तेवढ्यात तिनं हाक मारली. मी वर उभी होते, तिला दिसत होते. तरी तिनं 'शिवलीला' अशी हाक मारली."



"मग मी निघाले," प्रेमाक्का म्हणाली. "म्हटलं, मारू दे हाक तिलाच."

प्राणेशनं उठून तिच्या पुतण्याला फोन लावला. पुतण्या वकील होता. तो आला, सगळं उभ्यानंच ऐकलं, आणि तिला घेऊन पोलिस ठाण्यात गेला. प्राणेश व्हिडिओ घेऊन त्यांच्या मागून. जाताना प्रेमाक्कानं सुप्रीताच्या गालाकडे हात नेला आणि मागं घेतला.

*

खोलीत दोघीच उरल्या. शिवलीला रडत होती, आवाज न करता, ओठ घट्ट मिटून.

"मला ऐकूच आलं नाही ताई," ती म्हणाली. "मी जेवत होते की तिथं. त्या हाक मारत होत्या आणि मी जेवत होते."

सुप्रीता खिडकीशी उभी होती. आईला कोणी एकटं टाकलं ते तिला कळलं होतं. तेवढ्यासाठी ती इतके दिवस झोपली नव्हती. पण तिच्या कानात ती हाक राहिली होती, आणि त्या हाकेत तिचं नाव नव्हतं. प्रेमाक्का कड्यावरून पाठ फिरवून का निघाली असेल, हे तिला एका क्षणापुरतं, पण पुरतं, समजलं. त्या समजण्याची तिला भीती वाटली.

"ताई, मी जाऊ?"

"बस."

शिवलीला बसली. सुप्रीता तिच्यासमोर येऊन बसली. ती शिवलीलेकडे बघत होती, पण बोलत होती ते तिच्याशी नव्हतं.

"आई, तू सगळ्यांना घेऊन जायचीस. मी कामात आहे म्हणायचे, आणि तू बरं म्हणायचीस. दर वेळी मला वाटायचं, अजून एकदा विचारशील." तिनं श्वास घेतला. "मला यायचं होतं गं. तुझ्याबरोबर मला यायचं होतं."