तिसरं तोंड

दुपारी बाराच्या सुमाराला दातवाले डॉक्टर खांद्याला लांबट पिशवी अडकवून दुकानाची पायरी चढले, तेव्हा मामांची कवळी काउंटरवर होती आणि मामा खुर्चीत. पंख्याने पावतीपुस्तकाची पानं फडफडत होती, म्हणून मामांनी कवळी काढून वजन म्हणून वर ठेवून दिली होती. गिऱ्हाईक बघून त्यांनी ती घाईघाईने तोंडात बसवली.

"दात तुमचे, हसू आमचं," मामा म्हणाले. कवळी डॉक्टरांनीच करून दिलेली. सात वर्षं झाली, विनोद तोच होता.

मामांचं दुकान बंदुका दुरुस्त करायचं आणि सांभाळायचं. लोक गावाला जातात, परदेशी जातात, बंद घरात बंदूक ठेवायची नाही असा नियम. मग मामांकडे आणून ठेवायची, पावती घ्यायची आणि निर्धास्त जायचं. मागे लोखंडी दाराची कोठी होती. खिडकी नाही, एकच बल्ब, तोही आपल्या मर्जीने लागणारा. आत खुंट्यांवर ओळीने चाळीस बंदुका टांगलेल्या. डॉक्टरांची एकेचाळिसावी.

मामा म्हणजे काय चीज होती हे गल्लीत कोणालाही विचारा. सत्तरी उलटली तरी माणूस पोस्टमनच्या टोपीत चिमणीचं पीस खोचून ठेवायचा. शाळा चौथीत सोडलेली, आणि आवाज मात्र कोणाचाही काढायचा: शेजारच्या शिंप्याचा, टपालवाल्याचा, भांडणाऱ्या दोन बायकांचा एकाच वेळी.

डॉक्टरांनी पिशवीतून दुनळी बंदूक काढली. हातात मऊ फडकं होतं, त्यातच धरून ठेवली काउंटरवर. काडतुसांची सीलबंद पेटी वेगळी.

"सफर म्हणे?"

"चौदा दिवसांची. क्रूझ. संध्याकाळी सहाला सुटते." डॉक्टर थांबले. "तिनेच ठरवलेली होती. दोघांची केबिन आहे अजून. मी कंपनीला कळवलंच नाही."

डॉक्टरीणबाई मागच्या वर्षी गेल्या. रविवारी दोघं मैदानावर मातीच्या थाळ्या उडवायला जायचे. त्या थाळी सोडायच्या, हे नेम धरायचे. डॉक्टरांचा नेम फार वाईट होता, हे बाई सगळ्यांना सांगायच्या.

"मग मला न्या की," मामा म्हणाले. "मी बायकांच्या आवाजात बोलेन. जेवायच्या टेबलावर कोणाला पत्ता लागायचा नाही."

डॉक्टर हसले. ओठ हसले, बाकी चेहरा जागेवर राहिला. मामांनी ते बघितलं आणि सोडून दिलं.

पावती लिहायला घेतली. नाव, नंबर, दोन नळ्या, लाकडावर उजवीकडे एक ओरखडा. "परत कधी नेणार?"

"ती जागा राहू द्या."

"म्हणजे? जहाजावरच संसार थाटताय काय?"

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले. मग एकदम, "कवळी सांभाळा, मामा. रात्री पाण्यात ठेवत जा. नंतर दुरुस्तीला…" आणि वाक्य तिथेच राहिलं.

आता तीन तोंडांची रीत. ही मामांच्या सासऱ्यांनी घालून दिलेली, दुकान मूळचं त्यांचं. बंदूक ठेवताना देणाऱ्याने ती उघडायची, नळ्यांतून उजेडाकडे बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'रिकामी'. मग घेणाऱ्याने तसंच बघायचं, तसंच म्हणायचं. आणि मग तिसऱ्या माणसाने, ज्याचं त्या बंदुकीशी काही देणंघेणं नाही. दोघं एकदम चुकू शकतात, तिघं नाही चुकत, असं म्हातारा म्हणायचा.

तीस वर्षं ते तिसरं तोंड मामांच्या बायकोचं होतं. लग्नाआधी शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. मामा चिठ्ठीवर 'रिकामा बंदुक' लिहायचे आणि ती तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करायची. "अहो, बंदूक ती. पट्टा तो. कुलूप ते. तीस वर्षांत बायको कळली नाही, निदान बंदूक तरी कळू द्या."

चार वर्षांपूर्वी ती गेली. कशी गेली, ते मामा कोणाला सांगत नाहीत. तेव्हापासून तिसरं 'रिकामी' मामा स्वतःच म्हणायचे, तिच्या बारीक, शाळेतल्या आवाजात. गिऱ्हाइकं हसायची. मामाही हसायचे.

डॉक्टरांनी दुनळी बिजागरीपाशी मोडून उघडली, खिडकीकडे धरली. "रिकामी."

मामांनी घेतली, डोळा लावला. दोन गोल उजेड दिसले, नाण्यांसारखे. "रिकामी."

आणि बारीक आवाज काढायला त्यांनी नाकातून श्वास घेतला, तोच मागून, कोठीच्या दारातून, ऐकू आलं…

"भरलेला आहे."

ग्लिसरीनचा वास आला. बंदुकीच्या तेलाने तिचे हात फुटायचे, ती ग्लिसरीन लावायची. चार वर्षांत ती बाटली दुकानात नव्हती.

डॉक्टर मामांकडे टक लावून बघत होते. "तुमची सवय काही जात नाही," ते हळूच म्हणाले. पावतीचा अर्धा भाग घडी करून खिशात घातला, मामांचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला आणि पायऱ्या उतरून गेले.

मामांनी नळ्या परत बघितल्या. रिकाम्या. करंगळी घालून बघितली. रिकाम्या. मग चिठ्ठी लिहिली, बांधली आणि बंदूक घेऊन कोठीत गेले.

बल्ब लागला नाही. टॉर्चच्या उजेडात खुंट्यांवरच्या नळ्या भिंतीवर लांब सावल्या टाकत होत्या. शेवटच्या खुंटीपाशी उभं राहून मामांनी दुनळी पुन्हा मोडली.

"रिकामी," त्यांनी कोठीला सांगितलं.

मग अगदी कानाजवळ, जशी ती काउंटरवर वाकून बोलायची तशी…

"भरलेला आहे."

मामांनी टॉर्च मागे फिरवला. कोणी नव्हतं. पण खोड मेली तरी जात नाही, ते म्हणाले, "अगं, बंदूक ती. भरलेली म्हण. मेल्यावर शाळा विसरलीस काय?"

फक्त वास.

त्यांना भीती वाटली आणि त्याहून जास्त दुसरंच काही वाटलं. परत ऐकावंसं वाटलं. त्यांनी दुनळी मिटली, उघडली, 'रिकामी' म्हणाले. आवाज आला. परत. परत. असा किती वेळ गेला कोणास ठाऊक. टॉर्च पिवळा पडत आला. म्हातारा अंधारात बंदूक उघडतोय, मिटतोय, आणि दर वेळी तीन शब्दांऐवजी दोनच शब्दांवर समाधान मानतोय. तिसरा शब्द 'अहो' होता. तो काही ती म्हणेना.

'अहो' ती शेवटचं म्हणाली होती ते याच कोठीतून. "अहो, जरा या इकडे." मामा बाहेर बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी तिच्या चष्म्याच्या काचांना साबण लावला होता, तेव्हा आज ही उट्टं काढणार असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी शिंप्याच्या आवाजात ओरडून सांगितलं, "मालक घरी नाहीत." आतून परत एकदा हाक आली, जरा हळू. मामा हसू दाबत बसून राहिले. दहा मिनिटांनी गेले, तेव्हा ती खालच्या खुंट्यांपाशी बसलेली होती, भिंतीला टेकून. हातात तांबडी पेन्सिल.

"मास्तरीण," मामा अंधारात म्हणाले, "मी काही हसत नाहीये. सांग."

"भरलेला… आहे…"

भरलेला. आयुष्यात जिने एक वेलांटी चुकू दिली नाही, ती 'भरलेला' म्हणते. बंदूक ती. चिठ्ठी ती. पेटी ती. मग इथे 'तो' कोण होता? ठेवायला कोण आला होता?

मामांनी दुनळी खुंटीला लावली ती कशी लावली, त्यांना आठवत नाही. दुकान तसंच उघडं टाकून ते रस्त्यावर आले. घड्याळात पाच वाजले होते.

बंदरावर जहाज एखाद्या मोठ्या इमारतीसारखं उभं होतं, वर झेंडे, बाजा वाजत होता. शिडीपाशी टोपी घातलेली एक बाई तिकिटं बघत होती. मामा जन्मभर मजेसाठी खोटं बोलले होते. आज पहिल्यांदा बिनमजेचं बोलायचं होतं आणि जीभ अडखळत होती.

"ताई, तो दातवाला डॉक्टर… त्यांच्या सामानात चुकून काडतुसं गेलीत. माझी चूक. बंदूकवाला मी. त्यांना खाली बोलवा, नाहीतर माझ्यावर येईल."

काडतुसं म्हटल्यावर धावपळ झाली. पंधरा मिनिटांत डॉक्टर खाली आले, हातात चाकांची मोठी बॅग. मामांना बघून त्यांचा चेहरा पडला.

टोपीवाल्या बाईने बॅग टेबलावर घेतली. चेन ओढली. आत हात फिरवला. मग दोन्ही हातांनी बॅग उलटी धरली. एक बायकी शाल तेवढी टेबलावर पडली.

"चौदा दिवसांना निघालात ना?" ती म्हणाली. "बॅग तर रिकामी आहे."

डॉक्टरांनी शाल उचलली. मामांनी त्यांचा दंड धरला. "चला, जरा बसू."

बाकावर दोघं बसले. समोर शिडी उचलली, भोंगा वाजला, जहाज हळूहळू धक्क्यापासून सुटलं. डॉक्टर त्याच्याकडे बघत होते. जहाजाकडे कमी, मधे वाढत जाणाऱ्या पाण्याकडे जास्त.

"घरात बंदूक नको, म्हणून तुमच्याकडे आणली," ते बोलले. "तिच्याकडे बघत बसायचो मी. म्हटलं, ही वाट तर बंद करू. मग परवा लक्षात आलं की दुसरी वाट तिकिटातच आहे."

मामांना एकही विनोद सुचला नाही.

"दुपारी तुम्ही 'भरलेला' म्हणालात ना…" डॉक्टर शालीच्या दशा ओढत होते. "तो आवाज तुमचा नव्हता, मामा. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडातच बघतोय. तुमचं तोंड मिटलेलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं."

मामांनी बंदरावरच्या फोनवरून डॉक्टरांच्या बहिणीला बोलावलं. ती आली, भावाला काहीही न विचारता त्याची बॅग उचलली आणि दुसऱ्या हाताने भावाला धरलं. "हलकी आहे रे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिचं घर मामांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. दुकानापाशी मामा रिक्षातून उतरले तेव्हा उजेड मावळत होता.

दुकान उघडं होतं ते उघडंच होतं. कोठीचं दार मात्र लोटलेलं. मामा आत गेले. बल्ब आपणहून लागला. शेवटच्या खुंटीवरच्या चिठ्ठीवर त्यांनी दुपारी घाईत 'रिकामि' लिहिलं होतं. वेलांटी खोडून तांबड्या पेन्सिलीने दुसरी दिली होती, जाड, रागावलेली.

मामांनी चिठ्ठी बोटाने कुरवाळली. "ऐकलं गं," ते म्हणाले. "या खेपेला ऐकलं."

त्यांना वाटलं, आता ती 'रिकामी' म्हणेल आणि जाईल. त्यासाठी त्यांनी मन घट्ट केलं. दुनळी काढली, मोडली, बल्बकडे धरली. दोन गोल उजेड.

"रिकामी."

"भरलेला आहे."

मामा हसले. "अगं, तो गेला बहिणीकडे. ताट वाढलं असेल आत्तापर्यंत."

"भरलेला… आहे… अहो."

मामांनी मागे वळून बघितलं. दुकानात कोणी नव्हतं. गल्लीत कोणी नव्हतं. 'तो' म्हणावा असा एक जण होता, आणि त्याच्या हातात बंदूक होती.

त्यांनी ती खुंटीला लावली, बाहेर आले, लोखंडी दाराला दोन्ही कुलुपं घातली आणि डॉक्टरांच्या बहिणीकडे फोन फिरवला.

"डॉक्टर, मी बोलतोय. माझा… जरा दात दुखतोय."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"मामा, तुमच्या तोंडात खरा दात एकही नाही."

"हो ना," मामा म्हणाले. आवाज स्वतःचाच होता, आणि तो त्यांना ओळखू येईना.

"पायरीवर बसा. चाव्या घेऊन बाहेर बसा. मी येतोय."

मामा पायरीवर बसले. चाव्यांचा जुडगा दोन्ही मुठींत धरला. पाठीमागे, दोन कुलुपांच्या आत, बारीक आवाजात कोणीतरी पहिल्या खुंटीपासून सुरुवात केली होती. रिकामी. रिकामी. रिकामी. दर वेळी एक बंदूक मोडल्याचा, मिटल्याचा खटका. मामा मोजत होते. कोपऱ्यावर डॉक्टर दिसले, शाल खांद्यावर, पावलं भराभर. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

मग खटका झाला. बंदूक उघडली गेली.

डॉक्टर येऊन शेजारी बसले, तरी मामा कान देऊन होते. आतून एकेचाळिसाव्या खुंटीचा शब्द, 'रिकामी' की 'भरलेला', अजून आला नव्हता.