टाच सुटायला हवी

पाऊस चुकवायला अद्वय समोर दिसलं त्या दुकानात शिरला, आणि भिंतीला टेकवलेली एक लांबलचक स्की धाडकन त्याच्या पायावर पडली.

"आई गं!"

"लागलं का हो?" काउंटरमागून आवाज आला. मराठीत!

डब्लिनमधल्या त्या दुकानात अद्वय दुखणं विसरला. निळा एप्रन, कानामागे पेन्सिल, छातीवर नावाची पट्टी... अश्लेषा. ती नागपूरहून शिकायला आली आणि इथेच राहिली, हे त्याला मागाहून कळलं. तेव्हा कळलं ते इतकंच, की आपण काहीतरी बोललं पाहिजे. पडलेली स्की उचलून तो म्हणाला,

"मला... स्की घ्यायच्या आहेत."

"ग्रँड! कुठे वापरणार? रिसॉर्टच्या सपाट केलेल्या उतारावर, की डोंगरात स्वतः चढून जाणार?"

"दोन्हीकडे." दोन्ही म्हटलं की बोलणंही दुप्पट चालेल, असं त्याला वाटलं.

चाललं ते चार शनिवार. तो डब्लिनपासून तासाभरावरच्या नावन गावात राहायचा, दिवसभर घरूनच काम. आठवडाभरात मराठी कानावर पडायची ती आईच्या फोनवर. शनिवार उजाडला की बस पकडायची.

"ही रुंद," ती दाखवायची. "ताज्या, मऊ बर्फावर तरंगेल. पण रिसॉर्टच्या कडक बर्फावर वळताना कुरकुर करेल."

"आणि ही?"

"हलकी. चढताना दुवा द्याल, उतरताना शिव्या."

"मग मधली द्या."

"मधली दोन्हीकडे थोडी नाराजच असते."

"पण दोन्हीकडे येते ना बरोबर?"

ती हसली, आणि अद्वयचे कान लाल झाले.

चौथ्या शनिवारी निवड ठरली. तिनं एक फॉर्म पुढे सरकवला.

"बूट धरून ठेवते ती ही कळ, बाइंडिंग. चढताना टाच मोकळी, उतरताना पक्की. पण पडलात, तर तिनं पाय सोडलाच पाहिजे. किती घट्ट ठेवायची, ते मी या फॉर्मवरून ठरवते."

वजन, उंची, वय... आणि स्कीइंग कितपत येतं? अद्वयनं क्षणभर थांबून लिहिलं — 'उत्तम'.

तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला. "नक्की ना? खोटं असेल तर टाच सुटायची नाही, पाय मोडेल. आणि खाली सही माझी असते."

खरं सांगावं, तर पाचवा शनिवार गेलाच. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

"थांबा!" त्यानं 'उत्तम' खोडलं. "मी बर्फावर कधी उभासुद्धा राहिलेलो नाही. पहिल्या दिवशी पावसामुळे आत आलो. नंतर... नंतर पाऊस नव्हता."

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत ती म्हणाली, "ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी स्की उलटी धरली होतीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर आला असतात पुन्हा?" तिनं नजर वळवली. "आठवडाभर मी मराठी वाक्यं साठवून ठेवते हो... शनिवारसाठी."

तिनं त्याला काहीच विकलं नाही. पुढच्या रविवारी, डोंगराच्या पायथ्याशी, बर्फाशिवाय स्की करतात त्या प्लॅस्टिकच्या उतारावर, भाड्याच्या स्कीची बाइंडिंग तिनं स्वतः बसवून दिली. फॉर्मवर त्यानं लिहिलं होतं, 'पहिलाच दिवस'.

अद्वय चार हात घसरला, आणि आडवा झाला. खट्! टाच सुटली.

भुरभुर पावसात तो तसाच पडून राहिला. पाय शाबूत होता. त्या पहिल्या पावसाचे, अंगठ्यावर आदळलेल्या स्कीचे, सगळ्यांचेच आभार मानावेसे त्याला वाटत होते.

"सुटली ना वेळेवर?" ती धावत आली. तिनं हात पुढे केला.

"सुटली. थँक्यू, अश्लेषा... त्या चारही शनिवारांबद्दल."

"ऊठ आधी!"

तो उठला. उभा राहिला. तिचा हात मात्र त्याच्या हातात तसाच.

"आता सोड की," ती हळूच म्हणाली.

"याचं सेटिंग तू केलेलं नाहीस."

तिनं ओढून बघितलं — अगदी थोडंसंच. मग म्हणाली, "राहू दे... ठीक बसलंय."