उलटे टाके

जांभळं कापड उसवलं आणि आतून निघाली साइडरची, सफरचंदाच्या दारूची बाटली!

ईस्टरच्या आदल्या दिवशीची सकाळ. साँ-मेलॉनच्या कॅथेड्रलमधल्या मूर्ती पंधरा दिवस कापडात शिवून झाकलेल्या होत्या, दर वर्षीसारख्याच. आता त्या उघडायला घेतल्या, तर पहिलीच गायब. वीतभर उंचीची हस्तिदंती मरिया.

"कापड कोणी शिवलं?" इन्स्पेक्टर रिवोआलने विचारलं.

"मी," ऑनोरीनबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मीच शिवते. आत मरियाच होती."

"मधे कोणी उसवलं?"

किल्ल्या सांभाळणारा गास्पार घुटमळला. "रोज झाडतो मी, साहेब. शिवण जागच्या जागी होती."

"मग बाटली तुम्हीच शिवलीत, मादाम."

गारठ्यात बाईंचे कान तापले. चाळीस वर्षांची अब्रू, आणि हा कालचा पोरगा!

"अहो, ताईला काय बोलता?" धाकटी बहीण बेर्त पुढे आली. डाव्या हाताने तिने आपली शाल ताईच्या खांद्यावर टाकली. "वय झालंय तिचं. दिसलं नसेल नीट."

"डोळे शाबूत आहेत माझे. तू गप्प बस."

बाईंनी कापड ओढून घेतलं. वरची शिवण उसवली होती, खालची तशीच होती. अंगठा फिरवला. मग शेजारच्या, अजून झाकलेल्या जोसेफच्या शिवणीवर फिरवला. आणि त्या एकदम खुर्चीत बसल्या.

"बघा, साहेब. जोसेफचे टाके उजवीकडे कलतात. ते माझे. हे डावीकडे कलतात. कुणीतरी उसवून, मूर्ती काढून, डाव्या हाताने पुन्हा शिवलंय."

"डावखुरे गावात पुष्कळ असतील."

"शेवटी तीन गाठी आहेत. पित्याची, पुत्राची, पवित्र आत्म्याची. आमच्या आईची रीत. आई गेली तेव्हा ही बेर्त सहा वर्षांची. मांडीवर बसवून मी शिकवली तिला. दुसऱ्या कुणालाच नाही."

बाई बहिणीकडे वळल्या.

"कुठंय मरिया?"

"पिठाच्या डब्यात."

"आळ माझ्यावर येणार, ठाऊक होतं ना तुला?"

"चाळीस वर्षं अर्ध्या मूर्ती मी शिवायची, आणि बिशपांनी पाठ थोपटायची तुझी! म्हटलं, एकदा हेही येऊ दे तुझ्याच वाट्याला."

ऑनोरीनबाईंनी शाल खांद्यावरून उतरवली. नीट घडी घातली. आणि बहिणीच्या डाव्या हातात ठेवली.