सोडपावती

प्रेत गरम ठेवण्याची पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे, की मयताच्या घरी गेल्यावर "कधी गेले?" असं कुणी विचारत नाही. विचारतात, "ऊब दिली का?" शी! मेलेल्या माणसाला निवांत गार होऊ द्यावं, एवढीही लाज उरलेली नाही. विजेची रजई घेऊन ऊबवाले येतात, प्रेताला गुंडाळतात आणि परदेशातून निघालेला वारस दारात उभा राहीपर्यंत ते तसंच ऊनऊन ठेवतात. गरम ठेवलेल्या प्रेताचं काय होतं, हे सांगायला नको. खोलीभर उदबत्त्या लावायच्या, अत्तर शिंपडायचं, आणि नाकाला रुमाल लावून म्हातारा किती भला माणूस होता ते एकमेकांना सांगायचं.

हे सगळं नखाएवढ्या एका चिपपायी. पूर्वी फोनमध्ये सिमकार्ड घालत. मग कार्ड गेलं आणि फोनमध्येच कायमची बसवलेली चिप आली. कंपनी दुरूनच, नेटवर्कवरून, तिच्यात तुमचा नंबर आणि तुमच्या खाणाखुणा भरू लागली. आता ती चिप फोनमध्येही नसते. व्यवस्था आली तेव्हा हयात असलेल्या सगळ्यांना ती एकदाच बसवली; तेव्हापासून बाळ जन्मलं की ती त्याच्या गळ्याखालच्या हाडामागे बसवतात आणि अंगातल्या उष्णतेवर ती जन्मभर चालते. तिच्यात जे भरलेलं असतं त्याला ओळखपट म्हणतात. घराचं कुलूप, बँक, दवाखाना, सगळे त्या पटाला ओळखतात. तुमच्या थोबाडाला कुणी विचारत नाही. माणूस मरून गार झाला की चिप बंद पडते आणि पट कायमचा जातो; त्याआधी त्याचं बोट त्याच्याच हाडावर दाबून वारसाने तो आपल्या अंगात घ्यायचा असतो.

ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्यात तेजस्विनी मगदूम होत्या. आता पन्नाशी उलटलेल्या, सांगलीत कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञ. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि तसा तो खोटाही नव्हता. इतक्या वर्षांत एकही पट चोरीला गेला नव्हता.

तासगावच्या श्रेयस आवटीने त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा त्यांना वाटलं, पोराला पश्चात्ताप झाला असेल. प्रकरण त्यांच्या कानावर आलं होतं. श्रेयसची आई रूपालीबाई, वय ऐंशीच्या पुढे, न्यूमोनियाने अगदी टेकली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. श्रेयसने विचार केला, मरेपर्यंत थांबायचं, मग ऊब द्यायची, नसत्या भानगडी! आईचा श्वास चालू असतानाच त्याने तिचं बोट उचललं, तिच्याच गळ्याखालच्या हाडावर दाबून धरलं आणि पट स्वतःच्या अंगात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले आणि पेज मागितली.

मगदूमबाई आत आल्या तेव्हा रूपालीआजी उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी. पलंगाशेजारी दवाखान्याचं ऑक्सिजनचं नवंकोरं मशीन बंद पडलेलं, आणि नळी जोडलेली शेजारच्या गॅरेजमधून आणलेल्या वेल्डिंगच्या सिलिंडरला. सिलिंडरला ग्रीसचा वास येत होता.

"मशीन का बंद आहे?" बाईंनी विचारलं.

"ते आईला ओळखत नाही," श्रेयसची बायको सानिका म्हणाली. "नळी ज्याच्या नाकात, पट त्याच्या अंगात पाहिजे म्हणे. म्हणतंय, समोर कुणीच नाही."

"मग परत द्या ना. दहा मिनिटांचं काम आहे."

श्रेयस हसला.

"परत नाही हो मॅडम. आईला एखादा साधा पट मिळतो का, म्हणून बोलावलं. छोटासाच. औषधापुरता."

"नवा पट फक्त नवजात बाळाला मिळतो."

"मग याचीच एक कॉपी काढून द्या."

मगदूमबाई खुर्चीत बसल्या. हा प्रश्न त्यांना हजारदा विचारला गेला होता. "एका चिपमध्ये दोन पट राहू शकतात, पण एक पट दोन चिपमध्ये कधीच राहू शकत नाही. नाहीतर एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी सह्या करत बसेल. म्हणून पट हलवताना जुनी चिप आधी नव्या चिपची खातरजमा करते. मग पटाला असं कुलूप घालते, की ते फक्त नव्या चिपच्याच किल्लीने उघडेल. ती किल्ली चिपच्या पोटात कारखान्यातच घातलेली असते, ती बाहेर येत नाही. मग जुनी चिप आपल्यातला पट पुसते आणि पुसला म्हणून सही करून देते. तिला आम्ही सोडपावती म्हणतो. ती मिळाल्याशिवाय नव्या चिपमधला पट जिवंत होत नाही."

"आणि तुमच्याकडे कॉपी?"

"आमच्याकडे काही नसतं. वाटेत आम्हालासुद्धा तो उघडता येत नाही. तीच तर गंमत आहे." गंमत हा शब्द तोंडातून गेला आणि त्यांनाच ओशाळं वाटलं.

"म्हणजे माझ्या बोटाशिवाय तो निघणार नाही," श्रेयस म्हणाला. त्याला फक्त एवढंच समजून घ्यायचं होतं.

"अहो, तुमची आई आहे ती! सिलिंडर संपला की काय करणार?"

"मॅडम, तुम्ही शांतपणे ऐका. आपलं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आईच्या पटावर आहे. इतकी वर्षं मला त्याला हात लावू दिला नाही तिने. परवा विक्रीची सही आहे. आज परत दिला तर ती व्यवहार मोडणार, आणि दोन-चार महिन्यांनी आहेच परत, रजई आणा, उदबत्त्या लावा. कशाला ते?"

आई समोर बसलेली होती. चांगली शुद्धीवर, ऐकत होती. आणि हा माणूस भाजीच्या भावासारखं बोलत होता! सानिका जमिनीकडे बघत होती.

आता एकच वाट उरली होती. चिपला बोट कळतं, बोटामागचा हात कुणाचा हे कळत नाही, ही खोट मगदूमबाईंना सुरुवातीपासून माहीत होती. म्हणून नियमात एक सोय होती. मूळ मालकाने तंत्रज्ञासमोर "मी दिला नाही" एवढं म्हटलं, की पट जागच्या जागी गोठतो. मग पोलीस येतात, आणि घेणाऱ्याला तो परत करावाच लागतो.

त्यांनी पलंगाजवळ खुर्ची ओढली. श्रेयसचा चेहरा पडला. त्यालाही नियम माहीत असावा.

"आजी, मी विचारते त्याचं नीट उत्तर द्या. तुमचा पट तुम्ही दिलात का?"

आजींनी दम खाल्ला. "नाही म्हटलं तर याला नेतील?"

"हो. पण तुमचं मशीन आजच सुरू होईल. घर तुमचं होईल. आजी, तुम्ही जगाल."

"किती वर्षं आत ठेवतील?"

"ते कोर्ट ठरवेल. आजी, त्याचा विचार नका करू. त्याने तुमचा केला का?"

आजी श्रेयसकडे बघत राहिल्या. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने चटकन वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात इतका ओंगळ नमस्कार मगदूमबाईंनी पाहिला नव्हता.

"मीच दिला," आजी म्हणाल्या. "माझ्या हाताने दिला."

नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारावं लागतं. बाईंनी विचारलं. आजींनी तेच उत्तर दिलं, या वेळी जरा मोठ्याने. बाईंच्या हातातल्या यंत्राने ते ऐकलं, पडताळलं आणि संमती वैध असल्याचं कळवलं. जगातली सगळ्यात सुरक्षित व्यवस्था होती ती. तिच्यात चोराला शिरता येत नव्हतं, आणि आईने पोराला आत घेतलं तर व्यवस्थेला त्याला हाकलताही येत नव्हतं.

"बघा मॅडम, आईचं कसं सगळं स्पष्ट असतं," श्रेयस उठून उभा राहत म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच पाणावले होते, आणि त्याचीच जास्त किळस येत होती. "सानिका, मॅडमना चहा टाक."

"मला तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको," बाई म्हणाल्या. "ऑक्सिजनचं काय ते सांगा."

"आहे की सिलिंडर अजून. जरा पुरवून वापरू." तो सिलिंडरपाशी गेला आणि त्याने चावी थोडी आवळली.

नळीतला फुसफुस आवाज बारीक झाला. आजींनी मान हलवली.

"हो रे बाळा," त्या म्हणाल्या, "मला एवढा कुठं लागतोय."