पाच शनिवार आणि निळी गाडी

मोटारसायकलला किल्ली तशीच लटकत ठेवून शोरूममध्ये शिरणारी मुलगी अमृतने पाहिलीच नाही. पाहिली ती फक्त किल्ली. सर्व्हिसिंगला आलेली गाडी समजून त्याने ती सरळ वर्कशॉपमध्ये घेतली, ऑइल बदलले, चेन घासली. टाकी पुसत असतानाच मागून आवाज आला.

"झालं असेल तर माझी गाडी द्याल का? मी दुसरी घ्यायला आले होते… पहिली गमवायला नाही."

"किल्ली गाडीलाच होती," अमृत चाचरला.

"आम्ही शिंगणापूरचे. आमच्या घरांना दारं नाहीत, तुम्ही किल्लीचं काय घेऊन बसलात?"

तिचे नाव सृष्टी. मंदिराच्या रस्त्यावर तिच्या घरचे पूजेच्या तेलाफुलांचे दुकान होते आणि ही जुनी गाडी तेलाचे डबे वाहून थकली होती. "ही दुकानाची. दुसरी माझी हवी," ती म्हणाली. रस्त्यावर मिरवेल आणि चेन्नईजवळच्या रेसिंग ट्रॅकवर शिकायला गेल्यावर मान खाली घालायला लावणार नाही, अशी.

ग्राहकांना गाड्या चालवून दाखवण्याचे काम अमृतकडेच होते. त्या पहिल्याच शनिवारी ती निळ्या गाडीवर बसली. पाय नेमके टेकले, मनगटे सैल राहिली. गाडी जणू तिच्या मापाने बेतली होती. तिने कानामागे बट सारली… आणि सरळमार्गी अमृत म्हणाला, "ही – लवकर तापते. पुढच्या शनिवारी दुसऱ्या येतायत."

खोटे बोलण्याचा सराव नसलेल्या माणसाला एका खोट्यावर थांबता येत नाही. लाल गाडीचे हँडल फार खाली निघाले. नगरला पोचेपर्यंत कंबर धराल, म्हणाला. काळी घोडेगावच्या गतिरोधकाला घासणार होती. चौथ्या शनिवारी हिरवीत काहीच सापडेना.

"हिचा… रंग."

"रंगाला काय झालं?"

"तुम्हाला शोभत नाही."

"मग काय शोभतं ते सांगा की," हेल्मेटची काच वर करत ती म्हणाली. अमृत हातातलाच पाना शोधू लागला.

"तू गाड्या विकायला हाय का गिऱ्हाईक परत धाडायला?" ती गेल्यावर वयस्कर मेकॅनिक रंभाजीकाकांनी विचारले.

पाचव्या शनिवारी ती भुरभुर पावसातून आली. बाह्या ओल्या, चेहरा उजळलेला. "ट्रॅकवर नाव नोंदवलं. पुढच्या महिन्यात जायचंय."

अमृतने मनात दिवस मोजले. नवी गाडी निदान हजार किलोमीटर सबुरीने चालवावी, मगच ती ट्रॅकवर पळवावी. आणखी एक शनिवार चोरला, तर तिची संधी हुकणार होती.

"निळीच घ्या," तो खाली मान घालून म्हणाला. "ती तापत नाही. कधीच तापत नव्हती. तुम्ही गाडी निवडली असती तर परत आला नसतात… म्हणून बोललो. आजच कागद करू."

सृष्टीने हेल्मेट काउंटरवर ठेवले. "आज नाही."

"रागावलात?"

"आज शनिवार आहे. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं."

"मग हे पाच शनिवार…"

"शनिवारी शिंगणापुरात किती गर्दी असते, ठाऊक आहे ना? तिकडे दुकानात केशरआत्या एकटी डबे उचलते, आणि मी इथे येऊन तुमच्या थापा ऐकते. निळी तापत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमचे कान तापले होते."

अमृतच्या हातातला पाना खणकन खाली पडला. रंभाजीकाकांना नेमका तेव्हाच खोकला आला.

"उद्या येऊन निळी नेते," ती दाराशी थांबून म्हणाली. "जुनी इथेच राहील. ती शनिवारी तुम्ही घेऊन या… आणि आल्यासारखे आत्याला डबे उचलू लागा. ती माणूस पारखून घेते, सांगून ठेवते."

"येतो," अमृत म्हणाला. मग घाईने, "किल्ली कुठे ठेवाल?"

सृष्टी हसली. "तुम्हाला पहिल्या दिवशी सापडली, तिथेच."